खाप्याचा पत्ता

हे खरं घडलंय.

इथं प्रत्येकजण असंच लिहितो, मला माहीत आहे. तुम्हाला विश्वास ठेवायचा तर ठेवा, नसेल ठेवायचा तर नका ठेवू. कोणाला घाबरवायची मला हौस नाही. मला राग आलाय. वर्ष झालं, तो उतरत नाही, म्हणून लिहितेय.

आणखी एक. आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादाजी म्हणायचो, छप्पनच्या दीक्षेला नागपुरात हजर होते. घरातले गंडे, ताईत, अंगारे त्या दिवशी बाहेर गेले ते परत कधी आत आले नाहीत. लहानपणी मी म्हटलं की मागच्या खोलीत कोणीतरी आहे, तर दादाजी माझ्या हातात टॉर्च द्यायचे.

"जा, पाहून ये."

मी जायची. पाहून यायची. काही नसायचं.

या वेळीही मी पाहून आले...

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मंगळवार. वेळ दुपारची, दोन वाजून दहा मिनिटं. जागा धरमपेठ, एका जुन्या इमारतीचा पहिला मजला.

हो, दुपार. नागपूरची मेमधली दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळ्यांची दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर. कोणी ओरडलं तरी शेजारी ऐकू जात नाही.

पण आधी प्रीतीबद्दल सांगावं लागेल.

प्रीती माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ब्लाऊज असे शिवायची की बायका पार हिंगण्याहून यायच्या. चोविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव मी लिहिणार नाही, वकिलांनी मनाई केली आहे. चार वर्षं तो तिला मारत होता. पहिल्या वर्षी हात मोडला. तिसऱ्या वर्षी बरगडी. आम्हाला दर वेळी सांगायची, "बाथरूममध्ये घसरली ताई."

मागच्या वर्षी जानेवारीत ती एक पिशवी घेऊन माझ्या मनीषनगरच्या फ्लॅटवर आली. पायात चप्पल नव्हती.

माझ्याकडे ठेवणं शक्य नव्हतं. तो पहिला माझ्याकडेच आला असता, आणि आलाही. म्हणून आम्ही तिला खाप्याला, कन्हान नदीकाठच्या गावी नेलं. तिथं माझ्या आईची एक लांबची मावशी राहते, इंदूबाई. सत्तरी ओलांडलेली, कानाने कमी ऐकू येतं, दोन खोल्यांचं घर, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. प्रीतीचा भाऊ प्रेमानंद एका टेम्पोत घालून तिची शिलाई मशीन तिथं पोचवून आला.

पत्ता चौघांना माहीत होता. मी, आई, प्रेमानंद आणि इंदूबाई.

बस.

तीन महिने सगळं ठीक चाललं. पण पोरगी एकटी पडली. बाहेर निघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, आणि इंदूबाईशी बोलायचं तर ओरडून. एकदा फोनवर मला म्हणाली, "ताई, मले माझाच आवाज अनोळखी वाटून राहिला."

तेव्हा मीच म्हटलं, "ओसरीवर ये वं. सगळ्या आपल्यासारख्याच आहेत."

मीच म्हटलं.

ओसरी म्हणजे फोनवरचा एक ग्रुप. फक्त बायकांचा. नागपूर आणि आसपासच्या अकरा हजार बायका. डॉक्टर कोण चांगली, डबा कुठं मिळतो, सासूशी कसं वागायचं, सगळं तिथं चालायचं. खोट्या नावाने राहायची मुभा होती. मात्र आत येताना तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागायची. खरं नाव काय? मोबाईल नंबर काय? तुम्हाला इथं कोणी आणलं? ही उत्तरं फक्त ग्रुप चालवणाऱ्या बाईंना दिसायची.

त्या बाई म्हणजे सुमतीताई. शाळेतून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या, धरमपेठेत एकट्या राहणाऱ्या. मुलगी चिन्मयी पुण्याला. मी त्यांना दोनदा भेटले होते. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात हातात घेऊनच गप्पा मारल्या. ग्रुपच्या माथ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, "इथं सांगितलेलं इथंच राहतं."

प्रीती 'सदाफुली' नावाने आली. फोटोच्या जागी फूल.

एप्रिलच्या नऊ तारखेला तिने पहिली आणि शेवटची पोस्ट टाकली. ती मला पाठ आहे.

"मैत्रिणींनो, खाप्याच्या बाजारात शिलाई मशीनचा पट्टा कुठं भेटन? माझा तुटला. मी नदीकडच्या रोडले राहते, तिकडेच एखादं दुकान असन तर सांगा."

अकरा जणींनी उत्तरं दिली. एकीने दुकानाचं नाव सांगितलं. एकीने लिहिलं, पट्टा काय म्हणता, बेल्ट म्हणा.

मी ती पोस्ट पाहिली होती. मी ऑफिसमध्ये होते, एका इन्शुरन्स कंपनीच्या काउंटरवर बसते मी. पाहिली, बरं वाटलं की पोरगी बोलायला लागली, आणि खाली एक लाल बदाम दिला.

बदाम दिला मी. 'आत्ताच्या आत्ता पुसून टाक' असं नाही लिहिलं.

अठरा तारखेला तो खाप्याला पोचला.

भर दुपारी. इंदूबाई झोपल्या होत्या. शेजारची बाई सांगते, प्रीतीच्या मशीनचा आवाज येत होता, टक टक टक टक... आणि मध्येच तुटला. तिने घड्याळ पाहिलं, कारण नळाला अडीचला पाणी येतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीती कन्हानच्या डोहात सापडली.

पोलीस म्हणाले, कपडे धुवायला गेली, पाय घसरला. इंदूबाईंच्या अंगणात बोअर आहे. ती कधीच नदीवर कपडे धुवायला गेली नाही. एप्रिलमध्ये कन्हानला पाणी असतं घोट्याएवढं. डोह सोडला तर नदीत कोणी बुडूच शकत नाही, आणि तो डोह घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. अनवाणी, डोक्यावर ऊन, आणि पाय घसरायला ती पंधरा मिनिटं चालत गेली म्हणे.

आणि तो? तो म्हणाला, बायकोला समजवायला आलो होतो, घरी दिसली नाही, परत गेलो. साहेब म्हणाले, "नवरा बायकोले भेटायले गेला, त्यात गुन्हा काय झाला?"

राख सावडून आलो त्या संध्याकाळी प्रेमानंद माझ्याकडे आला. बसला नाही. दारातच उभा राहिला.

"ताई, त्याच्या फोनमध्ये एक फोटो होता. हवालदारानं दाखवला मले."

"कसला फोटो?"

"तुमच्या त्या ग्रुपचा. सदाफुली नाव, बाजूले प्रीतीचं खरं नाव, नंबर. अन् खाली तिची ती पट्ट्याची पोस्ट." त्याने दाराची चौकट धरली. "खरं नाव कोणाले दिसते ताई तिथं?"

मला उत्तर माहीत होतं.

सुमतीताईंना मी महिनाभर फोन लावले. उचलले नाहीत. मेसेज वाचायच्या, उत्तर द्यायच्या नाहीत. ग्रुपवर मात्र रोज सकाळी सुविचार टाकायच्या.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुविचार थांबले.

आणि त्या मंगळवारी दुपारी एक वाजता त्यांचाच फोन आला.

"मेघा..." आवाज ओळखू येत नव्हता. "ते तू करतेयस का? तू करत असशील तर सांग. मी रागावणार नाही."

"काय करतेय मी?"

पलीकडून नुसता कूलरचा आवाज आला.

"तू ये," त्या म्हणाल्या. "दोनच्या आत ये."

मी अर्धी सुट्टी टाकली. स्कार्फ गुंडाळला, गाडी काढली. खरं सांगते, त्या वाटेवर मला भीती नव्हती. मी त्यांना काय काय बोलायचं ते जुळवत होते. सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं, मी मोठ्याने बोलतेय.

धरमपेठच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जिना चढून वर गेले. बेलकडे हात नेला...

बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

सुमतीताई समोर उभ्या होत्या. महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग मागे, जिन्याकडे.

"एकटीच आहेस ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं मी आले?"

त्यांनी मला आत घेतलं आणि दाराला दोन कड्या लावल्या.

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सुरू झाले.

"प्रीतीचा पत्ता तुम्ही दिला."

"मेघा, तू आधी पाणी..."

"दिला की नाही?"

त्या सोफ्यावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्या सासूबाई माझ्या योगाच्या क्लासला येतात. रोज रडायच्या गं. म्हणायच्या, सून निघून गेली, पोरगा जेवत नाही. त्या बाईची अवस्था बघवत नव्हती. मला वाटलं, दोघं समोरासमोर बसली तर घर मोडायचं वाचेल."

"घर मोडायचं वाचेल."

"मी चांगल्यासाठीच केलं."

"तो तिला मारायचा. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं!" त्यांनी गळ्याला हात लावला. "चिन्मयीची शपथ. मारहाणीचं मला कसं माहीत असणार? तिने मला कधी सांगितलं का?"

"तिनं तुम्हाले काहून सांगायचं?" माझी जीभ घरच्या बोलीवर गेली होती. "तिनं फक्त नाव अन् नंबर दिला होता. तुम्ही मागितला म्हणून दिला. ठेवायला दिला होता!"

त्या रडायला लागल्या. मला दया आली नाही. आजही येत नाही.

"मग हे आता ग्रुपवर लिहा," मी म्हटलं. "तुमच्या नावानं. काय केलं ते."

त्यांचं रडणं थांबलं. "अकरा हजार बायका आहेत मेघा. माझी चाळीस वर्षांची अब्रू..."

तेवढ्यात कूलरचा आवाज बदलला.

पाण्याचा पंप कोरडा चालायला लागला की कसा खरखरतो, तसा. मग पंप बंद पडला. जाळीतून गरम हवा यायला लागली. आणि त्या हवेला वास होता...

नदीचा. शेवाळाचा, ओल्या रेतीचा.

सुमतीताईंनी डोळे मिटून घेतले. "सकाळी काठोकाठ भरते मी टाकी. एरवी संध्याकाळपर्यंत दोन बादल्या पाणी उरायचं. रोज याच वेळी कोरडी होते. खाली बघ, एक थेंब सांडलेला नसतो."

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. टाकी कोरडी होती. ओलसरसुद्धा नव्हती. कित्येक दिवस पाणी पडलं नसावं अशी, तळाला धूळ.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग...

टक टक टक टक.

आतल्या खोलीतून.

टक टक टक टक टक...

तो आवाज मी ओळखते. लहानपणापासून ओळखते. प्रीती पायडल मारताना दर चार टाक्यांना एकदा थबकायची, तिला ती सवय होती. कोणाच्याच मशीनचा आवाज तसा नव्हता.

"माझ्याकडे मशीन नाही," सुमतीताई कुजबुजल्या. "कधीच नव्हती."

मला दादाजींची टॉर्च आठवली आणि मी आत गेले.

आत एक पलंग. एक कपाट. भिंतीवर चिन्मयीचा लग्नातला फोटो. बाकी काही नाही.

आणि आता आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता. जिथून मी आत्ता आले होते तिथून.

मी बाहेर आले. आवाज आत गेला.

पुन्हा आत. तो बाहेर.

मी थांबले, तेव्हा तोही थांबला. चार टाके झाले नव्हते. मध्येच, कोणीतरी मनगट धरावं तसा तुटला.

खाप्याच्या शेजारणीने सांगितलं होतं अगदी तसा.

टेबलावरचा सुमतीताईंचा फोन उजळला.

"आली," त्या म्हणाल्या. "विनंती आली."

"कसली?"

"ग्रुपमध्ये येण्याची. आज दुसऱ्यांदा आली. एरवी एकदाच येते." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "मी नाकारते. मी रोज नाकारते मेघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते."

मी फोन उचलला. सदाफुली. तेच फूल. आणि खाली दोन विनंत्या, एकीखाली एक. आधीची दोन वाजून तीन मिनिटांची. तेव्हा मी जिना चढत होते.

खरं नाव काय? प्रीती.

मोबाईल नंबर काय? तिचाच नंबर. मला तोंडपाठ असलेला.

तुम्हाला इथं कोणी आणलं?

"मेघाताईनं. ते जिन्यात आहे. दार उघडा."

मी दुसरी विनंती उघडली.

आत्ताच्या विनंतीत पहिली दोन उत्तरं तीच होती. तिसरं वेगळं होतं.

"मले आत येऊ द्या ना ताई."

ताई म्हणजे सुमतीताई की मी? मला कळलं नाही. अजून कळत नाही. पण ती अक्षरं वाचली आणि माझ्या छातीत जे काही महिनाभर दाबून ठेवलं होतं ते सगळं वर आलं. ही पोरगी जिवंत होती तेव्हा तिने फक्त एक दुकान विचारलं होतं. आता मेली, तर तिला दारात उभं ठेवून ही बाई रोज 'नाकारा' दाबते!

"मेघा, नको. मेघा!"

मी 'स्वीकारा' दाबलं.

काही झालं नाही.

कूलरची हवा येत राहिली. खाली कुठेतरी एक रिक्षा गेली. सुमतीताई माझ्याकडे बघत होत्या, मी फोनकडे.

मग माझ्या पर्समधला फोन वाजला. मेसेज आल्यावर वाजतो तसा, एकदा.

मग समोरच्या फ्लॅटमध्ये कोणाचा तरी वाजला.

मग खालच्या मजल्यावर.

मग गल्लीच्या पार त्या टोकाला एक... मग पलीकडे एक... सगळी बंद दारं, ओले पडदे, आणि त्यांच्या मागे एकामागून एक फोन वाजत गेले. लांब लांब. कमी कमी होत.

सदाफुलीने पोस्ट टाकली होती. शब्द एकही नाही. फक्त फोटो. सुमतीताई आणि प्रीतीची सासू यांच्यात झालेलं बोलणं, पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत.

मी ते उभ्याउभ्या वाचलं.

सासूने लिहिलं होतं, "पत्ता भेटला पाहिजे बाई, पोरगा ऐकून नाही राहिला." सुमतीताईंनी लिहिलं होतं, "आमच्या ग्रुपमध्ये आहे, पण मला सांगता येत नाही." मग दोन दिवस विनवण्या. मग सुमतीताईंचा प्रश्न, "तो हात वगैरे उगारत नाही ना?" आणि सासूचं उत्तर.

"थोडं तर करते, कोणता माणूस नाही करत? आता तर म्हणते, यावेळी पायच मोडतो, मग कुठी पळते पाहू."

त्याच्या खाली सुमतीताईंनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. आणि लिहिलं होतं, "शांततेत घ्यायला सांगा त्याला."

आणि त्याच्या खाली, चार मिनिटांनी, फोटो. प्रीतीचं नाव, नंबर, पोस्ट. खाप्याचा पत्ता.

मी मान वर केली.

"मी ते पुसलं होतं," सुमतीताई म्हणाल्या. "मेघा, मी त्याच दिवशी सगळं पुसलं होतं. माझ्या फोनमध्ये नाही ते. कुठंच नाही."

चिन्मयीची शपथ घेतली होती त्यांनी. पाच मिनिटांपूर्वी.

मला वाटलं मी त्यांना मारेन. खरंच वाटलं. माझा हात वर गेलाही होता. तो हात मी पाहिला, आणि कोणाचा तरी दुसराच हात आठवला, म्हणून खाली घेतला.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला एकटीला ठेवून जाऊ नकोस. थोडं पाणी दे मला."

मी पाणी दिलं नाही.

मी कड्या काढल्या आणि निघून आले. अर्धा जिना उतरले तेव्हा वर ते पुन्हा सुरू झालं. टक टक टक टक. थबक. टक टक टक टक.

मी थांबले नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. पोस्ट सात तास राहिली, मग गेली. सदाफुली नावाचं खातंही गेलं, शोधून सापडलं नाही. पण तोवर हजारो जणींनी फोटो काढून ठेवले होते. प्रेमानंद त्यांच्या छापील प्रतींचा गठ्ठा घेऊन पोलिसांकडे गेला. या वेळी त्यांना लिहून घ्यावंच लागलं. नवरा आत आहे, सासूला जामीन मिळालाय. खटला चालू आहे.

प्रेमानंदने तिथं एक गोष्ट विचारली. प्रीतीचा फोन कुठं आहे? त्यांनी मुद्देमालाच्या कपाटातून पाकीट काढून दाखवलं. लाखेचं सील जसंच्या तसं. आतला फोन पाण्यात भिजून फुगलेला. एप्रिलपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

आणि ओसरी? ओसरीवरच्या बायकांनी सुमतीताईंचा नंबर पसरवला. मग पत्ता. मग चिन्मयीचा फोटो, ती कुठं नोकरी करते, किती वाजता घरातून निघते. सगळं. एकीने लिहिलं, हिच्या पोरीलाही कळू दे. मी दोन दिवस ते वाचत होते. सांगायला लाज वाटते, मी त्यांना बदाम देत होते.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुमतीताईंच्या दाराचा फोटो टाकला. जिन्यात उभं राहून काढलेला. दाराखालून उजेड दिसत होता, म्हणजे त्या आत होत्या. खाली लिहिलं होतं, "इथं राहते."

तेव्हा मी फोन बंद केला.

सुमतीताई आता मुलीकडे असतात असं ऐकलं. चिन्मयीने नोकरी बदलली म्हणे. फ्लॅट बंद आहे. दिवाळीत खालच्या मजल्यावरच्या बाई मला बाजारात भेटल्या, त्यांनी मला त्या दिवशी जिन्यात पाहिलं होतं. म्हणाल्या, "वरती शिवणकाम कोणी घेतलं का हो? दुपारी झोपू देत नाही." मी म्हटलं, मला माहीत नाही.

लोक मला विचारतात, तिला न्याय मिळाला, आता तरी शांत वाटतं का? नाही वाटत. माझा राग त्या नवऱ्यावर आहे, त्या सासूवर आहे, जोडलेल्या हातांच्या त्या चित्रावर आहे. 'बेल्ट म्हणा' लिहिणारीवरही आहे, का ते मला सांगता येत नाही. आणि माझ्यावर आहे. प्रीतीने मला कधीच काही म्हटलं नाही. जिवंतपणी नाही, नंतरही नाही. "मेघाताईनं" एवढंच लिहिलं. ते सांगणं होतं की बोट दाखवणं होतं?

मागच्या महिन्यात एक फोन आला. सकाळी अकराच्या सुमारास, मी काउंटरवर होते. अनोळखी नंबर.

"तुम्ही मेघाताई ना?" बाईचा आवाज. हळू. "तुमचा नंबर भेटला मले एकीकडून. मी घर सोडलं ताई. आज सकाळीच."

"कोण बोलतंय?"

"मी कुठी आहे ते फक्त तुम्हाले सांगते. दुसऱ्या कोणाले नाही सांगितलं."

तिच्या मागे काहीच आवाज नव्हता. गाडी नाही, पंखा नाही, माणसं नाहीत. श्वासही नाही.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "नको! मले सांगू नको! कोणालेच सांगू नको!"

आणि मी फोन कापला.

काउंटरसमोरची माणसं माझ्याकडे बघत होती. मी फॉर्मवर शिक्का मारला. पुढचा फॉर्म घेतला. त्यावरही मारला. मग माझा हात थांबला.

ती खरीच कोणी बाई असेल तर?

पायात चप्पल नसलेली, कुठल्यातरी स्टँडवर उभी, एवढा एकच नंबर हातात घेऊन...

मी लगेच उलट फोन लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही. दहा वेळा लावला. प्रेमानंदला सांगितलं, तो पोलीस ठाण्यात जाऊन आला. तिथं म्हणाले, नंबर चालू आहे. कोणाचा आहे ते सांगता येणार नाही.

"ती माहिती खाजगी असते," म्हणाले.

तो आवाज प्रीतीचा होता का? मी शपथेवर सांगू शकत नाही. होता असं वाटतं तेव्हा भीती वाटते. नव्हता असं वाटतं तेव्हा त्याहून जास्त.

मी रोज तो नंबर लावते. आजही लावला, हे लिहायला बसायच्या आधी.

रिंग जाते... पूर्ण वाजते... आणि बंद होते.